खुरासणी आमची, तेल मलेशियाचे

दिवाळी उरकली की जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरून गाठोडी निघतात. भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जाणारी ही कुटुंबे. भांडी, कोंबड्या, तान्ही मुले, सगळे बरोबर. गाठोड्यात तेलाची एक पिशवी असते, आणि ते तेल बहुधा इंडोनेशिया नाहीतर मलेशियाचे पामतेल असते. आता गंमत पाहा. हीच माणसे आपल्या वरकस उतारावर खुरासणी पेरतात!

आम्ही पडलो बी.कॉम. कारकून. जमाखर्च दिसला की बेरीज तपासायची खोड. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते. वर्षाला सुमारे 160 लाख टन. व्यापारातील तुटीत या तेलाचा वाटा मोठा. 1986 साली तेलबियांचे मिशन सुरू झाले आणि नव्वदीच्या आरंभी आपण स्वयंपूर्णतेच्या जवळ पोचलो होतो. 1994 साली पामोलिनची आयात खुली झाली आणि पुढे घडी विस्कटली.

मग वाद सुरू होतो. एक पक्ष म्हणतो, जकात वाढवा, देशी शेतकरी वाचवा. दुसरा म्हणतो, गरिबाला स्वस्त तेल मिळू द्या. सरकारने दोन्ही करून पाहिले. सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या पाम, सोयाबीन व सूर्यफूल तेलावरील एकूण आयात कर 5.5 वरून 27.5 टक्के केला. मे 2025 अखेर तो 16.5 टक्क्यांवर आणला. याच सरकारी व्यवहारात 2022 च्या दिवाळीत महाराष्ट्रात शंभर रुपयांच्या शिध्यात एक लिटर पामतेलच होते, हेही विसरू नये.

मोखाड्याच्या एका मावशींना आम्ही हे समजावून सांगू लागलो. त्या म्हणाल्या, "तेल महाग झाला, पन खुरासणीला भाव कुठं मिलला?" आमची पदवी तिथेच थांबली.

बाबासाहेबांनी 1923 च्या रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथात हाच धागा पकडला होता. रुपयाचा दर उतरला की निर्यातदाराला होणारा नफा परक्याकडून येत नाही. किमती चढतात, मजुरी मागे राहते, आणि तो नफा मजुराकडून वसूल होतो. जकातीलाही तोच प्रश्न विचारायचा: पैसा कोणाकडून गेला, कोणाकडे आला?

मावशी तेल विकतही घेतात आणि दाणा पिकवतातही. जकात वाढली की पहिला फटका लगेच बसतो. दुसऱ्या बाजूचा फायदा मात्र वाटेतच राहतो. 2025-26 च्या खरिपासाठी खुरासणीची हमी किंमत क्विंटलला 9,537 रुपये होती. पण ज्यांच्याकडे चार-सहा पायल्या दाणा, ते क्विंटलचा भाव कोणाला सांगणार? पीक कापणीला येते तेव्हाच भट्टीचा ट्रक दारात उभा असतो, आणि उचल आधीच खर्च झालेली असते. दाणा येईल त्या भावाने दुकानदाराकडे. आपल्या देशातली खुरासणी पुढे अमेरिकेत पाखरांचे खाद्य म्हणूनही जाते, हे ऐकून मावशी खूप हसल्या.

या दाण्यात साधारण 35 ते 40 टक्के तेल असते, पेंड गुरांना. पाड्यात घाणा असेल तर दळणारा, भरणारा, विकणारा असे दोन-चार हात तरी गावात राहतील. जकात वाढवताना त्या पैशातला काही भाग घाण्याला आणि पायलीने होणाऱ्या खरेदीला द्या, ही आमची मागणी. ग्रामसभेत ठराव मांडायचा तर तो दसऱ्याच्या आधी मांडा, नंतर हात वर करायला माणसे नसतात.

मावशींनी शेरभर दाणा बाजूला ठेवला होता. तो चटणीला. तो त्या विकत नाहीत.