हजार मीटरचा हिशेब

पिशवीला सेफ्टी पिनेने चिठ्ठी लावलेली होती: "8 नंबर. डावी बाही. 34 ओळी झाल्या. 35वी सुलट. श्रावणात थांबवलं." खिडकीखालच्या खुंट्यांवर अशा सात पिशव्या टांगल्या होत्या आणि प्रत्येकीला अशीच चिठ्ठी होती. सदाशिव पेठेतल्या त्या घरी मी एका मैत्रिणीसोबत सहज गेले होते. पण अर्धवट राहिलेल्या कामाची इतकी नीट, इतकी आदराने ठेवलेली नोंद मी कधी पाहिली नव्हती. आपल्याकडे अर्धं विणलेलं स्वेटर कपाटाच्या वरच्या खणात जातं आणि घरात कोणी विषय काढला की बाईमाणूस गप्प बसतं. इथे ते दर्शनी भिंतीवर होतं. म्हणून मी पुन्हा गेले आणि मग जातच राहिले.

घर एका निवृत्त शिक्षिकेचं. सगळ्या त्यांना बाईच म्हणतात. दर गुरुवारी दुपारी पाच-सहा जणी जमतात, सतरंजीवर बसतात, चहा होतो आणि विणणं चालतं. बँकेतून निवृत्त झालेल्या एक काकू आहेत, महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी आहे, बाळंतपणानंतर नोकरी सोडलेली एक जण आहे. बाईंची बोटं मात्र वेगळी. बोलताना त्या सुयांकडे पाहत नाहीत, पण एखादा टाका गळला की तो दिसायच्या आधी त्यांना कळतो.

सात पिशव्यांमागे एक व्यवस्था आहे, हे समजायला मला थोडा वेळ लागला. प्रत्येक कामाची वेळ ठरलेली. साधा मोजा फोनवर बोलताना आणि दवाखान्यात नंबर लागेपर्यंत, कारण त्यात गोल गोल सुलट टाकेच आहेत. जाळीची शाल फक्त सकाळी, देवपूजेनंतर, घरात कोणी बोलत नाही तेव्हा, कारण तिच्या प्रत्येक ओळीत टाके मोजावे लागतात. त्या शालीत दर दहा ओळींनी एक बारीक पांढरा दोरा सगळ्या टाक्यांतून ओवलेला आहे. पुढे चूक झाली आणि उसवावं लागलं तर उसवण त्या दोऱ्यापाशी थांबते, खालची नक्षी वाचते. नातवाचं स्वेटर संध्याकाळी. क्रोशाचा रुमाल प्रवासात. एका प्रसूतिगृहासाठी टोपडी चालू असतात, ती केव्हाही. मन आणि उजेड दोन्ही दिवसभर सारखे नसतात, त्यामुळे कामही एकच असून चालत नाही, असं बाईंचं म्हणणं. मला ते पटलं. एकच काम धरून बसणारीला शालीसाठी सकाळची वाट पाहत दुपार रिकामी घालवावी लागेल.

आठवी पिशवी नंतर आली आणि ती खुंटीवर मावेना. ती गोणी होती आणि तिला वास होता.

हा वास मला अजून आठवतो. ओल्या मेंढीचा, तेलकट, मातीचा आणि लेंड्यांचा, थोडा आंबूस. त्यात दख्खनी मेंढीची कच्ची लोकर होती, काळी आणि मधूनच तपकिरी. पुण्याबाहेर धनगरांचा वाडा उतरला होता, तिथून बाईंनी ती पैसे देऊन आणली. मेंढका म्हणाला होता, घेऊन जा, कोण घेतंय आता. बाईंनी पैसे दिल्याशिवाय गोणी उचलली नाही. सोसायटीतल्या एका शेजारणीने वासाची तक्रार केली, तेव्हा गोणी गच्चीवर गेली. पुढचे काही गुरुवार आम्ही गच्चीवरच बसलो.

"विणायला लागून पन्नास वर्षं होत आली," बाई म्हणाल्या, "आणि धागा कसा होतो ते मला येत नाही. एका स्वेटरला हजार मीटर लागतो गं. हजार मीटर. तो सगळा दुसऱ्या कोणीतरी केलेला."

त्या दिवसापासून तो हजाराचा आकडा माझ्या डोक्यातून गेला नाही.

लोकर तयार करण्याचं काम थोडक्यात सांगते. कुसळं, गोखरू आणि लेंड्या वेचायच्या, रिठ्याच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवायची, न चोळता पिळायची, सावलीत वाळवायची, मग दोन दातेरी ब्रशांमध्ये विंचरून पेळू करायचे. चोळायची नाही याला कारण आहे. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी आणि घर्षण मिळालं की ते एकमेकांत अडकतात आणि लोकर घट्ट बसते. याच गुणावर लोकर दाबून केलेलं जेन तयार होतं. पण कातायच्या लोकरीचं असं झालं तर ती गेली. महाविद्यालयातल्या मुलीने पहिली मूठभर लोकर कपड्यासारखी चोळली आणि तिची वडी झाली. बाईंनी ती फेकली नाही, चहाच्या पातेल्याखाली ठेवायला घेतली.

कातणं मात्र थोडक्यात सांगता येत नाही. बाईंनी आधी पितळी टकळी घेतली, शाळेत सुतकताईच्या तासाला असायची तशी. 1937 साली वर्ध्याला शिक्षण परिषद झाली, तिथून निघालेल्या नई तालीमने टकळी शाळांमध्ये नेली. बाईंच्या लहानपणापर्यंत तिचा तास कुठे कुठे टिकून होता. पण ती टकळी कापसासाठी असते, हलकी. दख्खनी लोकरीचा राठ तंतू तिला जुमानेना. मग सुताराकडून लाकडी चकतीची जड टकळी करून घेतली, हवेत लोंबती सोडायची. डाव्या हातात पेळू, उजव्या हाताने टकळीला गती, आणि त्या दोघांच्या मध्ये जो पीळ वर चढतो तो नेमका केव्हा थांबवायचा, हे सगळं कसब. पीळ कमी पडला तर धागा सुटतो आणि टकळी फरशीवर आदळते. जास्त पडला तर धागा स्वतःभोवतीच गाठी मारतो. टकळी आदळल्याचा आवाज त्या गच्चीवर सतत येत असे आणि खालच्या मजल्यावरून कोणीतरी वर बघून जाई. सत्तरी जवळ आलेल्या बाई प्रत्येक वेळी वाकून टकळी उचलत, तुटलेली दोन टोकं विसकटून एकावर एक ठेवत, ओल्या बोटाने दाबत आणि पुन्हा गती देत. चेहऱ्यावर वैताग नसे. चाळीस वर्षं मुलांना बाराखडी शिकवलेल्या माणसाला स्वतः पहिलीत बसायची लाज वाटत नव्हती, आणि यामुळे माझ्या मनातला त्यांच्याबद्दलचा आदर वाढला.

हात बसल्यावर त्यांचा वेग तासाला तीस मीटरपर्यंत गेला. आता हिशेब करा. स्वेटरला हजार मीटर. पण एकपदरी धागा विणायला टिकत नाही, एका बाजूला कलतो, म्हणून दोन पदर उलट दिशेने पीळ देऊन एकत्र करायचे. म्हणजे दोन हजार मीटर कातायचं. तासाला तीस मीटरने ते सहासष्ट तासांच्या पुढे जातं. धुणं, विंचरणं, दुपदरी करणं वेगळंच. विणायला अजून सुरुवातही नाही.

हजाराचा हाच आकडा खादीच्या व्यवहारातही आहे: तिथे हजार मीटर सुताची एक गुंडी धरतात. डिसेंबर 1924 मध्ये बेळगावला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन झालं, त्यात सभासदत्वासाठी दरमहा 2000 वार सुताची अट मान्य झाली. स्वतः कातलेलं किंवा दुसऱ्याकडून कातून घेतलेलं. वर्षभरातच ती सैल करावी लागली. इतिहासाच्या पुस्तकात हे वाचताना अट अव्यवहार्य वाटते आणि आपण पान उलटतो. बाईंच्या गच्चीवर बसल्यावर मला तिचा अर्थ कळला. दोन हजार वार म्हणजे साधारण अठराशे मीटर. तेवढं कातणाऱ्याला अंगावरच्या कपड्याची किंमत कोणी समजावून सांगावी लागत नाही.

इकडे सात पिशव्या खुंटीवरच होत्या. बँकेतल्या काकू स्पष्टवक्त्या. एका गुरुवारी त्यांनी सुनावलं, "बाई, एक ना धड भाराभर चिंध्या असं होतंय तुमचं. नातवाचं स्वेटर संक्रांतीला देणार होतात ना? आधी ते पुरं करा, मग ते लोकरीचं शिका." बाईंनी उत्तर दिलं नाही. त्यांनी स्वेटरची पिशवी काढली, चिठ्ठी वाचली आणि 35व्या ओळीपासून विणायला घेतलं.

पुढच्या आठवड्यात ती बाही पाहिली. चाळिसाव्या ओळीच्या आसपास ती रुंद व्हायला लागली होती. टाके तेवढेच, 48. सुया त्याच, 8 नंबरच्या. पण आधी 10 सेंटिमीटरात 22 टाके बसत होते, आता 20 बसत होते. अट्ठेचाळीस टाक्यांत दोन सेंटिमीटरहून जास्त फरक पडला होता. कातताना धागा सैल सोडायची सवय लागली आणि तीच विणताना बोटांत उतरली. काकूंना आपलं म्हणणं सिद्ध झाल्यासारखं वाटलं. बाई मात्र बराच वेळ बाहीकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "इतकी वर्षं मी धागा आवळूनच धरत होते की." त्यांनी 34व्या ओळीपर्यंत उसवलं आणि 9 नंबरच्या सुया घेतल्या. आपल्याकडे सुयांचा नंबर वाढला की सुई बारीक होते. 8 नंबर म्हणजे 4 मिलिमीटर, 9 त्याहून बारीक. टाके पुन्हा 22वर आले. उजव्या बाहीचा पोत आणि डाव्या बाहीचा पोत आता हाताने चाचपला तर वेगळा लागतो. डावी मऊ आहे.

काकूंचं एक म्हणणं मला मान्य आहे. ज्याला तारीख आहे ते काम आधी. टोपडं जन्मलेल्या बाळासाठी असतं, बाळ थांबत नाही. पण बाकी सगळं मागे टाकून एकेक काम संपवत जावं, मगच नवं शिकावं, हा नियम शिकण्याच्या मुळावर येतो. नवी कला जुनीच्या शेजारीच शिकावी लागते. टकळी घेतली नसती तर बाईंना आपला घट्ट हात कधीच सापडला नसता. आणि सात पिशव्या अर्ध्या नसत्या, तर बदललेला हात कुठे दिसला असता?

संक्रांतीला स्वेटर गेलं. बाईंनी आपल्या धाग्याचा पहिला चौकोन विणला आहे, तळहाताएवढा, काळा, जाडाभरडा. अंगाला टोचतो, हे खरं आहे. दख्खनी लोकर मेरिनोसारखी नाही, ती उघड्या मानेला चालणार नाही. पण पिशवी, बैठक, टोपीचा बाहेरचा थर, किटलीचं आवरण यांना ती उत्तम आहे. सनगर विणकरांनी खड्डा मागावर चिंचोक्याची खळ देऊन याच लोकरीची घोंगडी पिढ्यान्‌पिढ्या विणली आणि माणसं त्या घोंगड्यांवर पावसाळे काढत आली. आज दुकानात लोकर म्हणून जे मिळतं ते बहुतेक अ‍ॅक्रिलिक असतं, आणि खरी लोकर वर्षातून दोनदा कातरून गिऱ्हाइकाअभावी कित्येक ठिकाणी फेकून दिली जाते. मटणाला बरी म्हणून केसाळ मेंढी वाढते आहे आणि लोकरीची दख्खनी मागे पडते आहे. याचं मला वाईट वाटतं आणि ते मी लपवत नाही.

दिवाळीनंतर धनगरांचे कळप घाटावरून कोकणाकडे निघतात आणि पावसाच्या आधी परततात. विणणाऱ्या प्रत्येकीला माझं सांगणं आहे: वाटेत वाडा दिसला तर थांबा, एका मेंढीची लोकर योग्य पैसे देऊन घ्या, धुवा आणि मूठभर कातून बघा. हातातलं काम तोवर चिठ्ठी लावून खुंटीला अडकवा.