डाग रक्ताचा की डांबराचा?

प्रयोगशाळेत उमटलेली एक पांढरी रेघ निरपराध माणसाला जन्मठेपेच्या कोठडीपर्यंत नेऊ शकते. ऑस्ट्रेलियात १९८२ साली तसे घडले.

त्या खंडाच्या मध्यभागी, तांबड्या वाळूच्या प्रदेशात उलुरू नावाचा एक अजस्र खडक आहे. १७ ऑगस्ट १९८० च्या रात्री त्याच्या परिसरात राहुट्या ठोकून उतरलेल्या प्रवाशांत मायकेल चेंबरलेन हे धर्मोपदेशक, त्यांच्या पत्नी लिंडी आणि त्यांची तीन मुले होती. सर्वांत धाकटी अझारिया अवघ्या नऊ आठवड्यांची. राहुटीतून बाळाच्या रडण्याचा आवाज आला, लिंडी धावल्या, आणि डिंगोने, म्हणजे तेथील रानकुत्र्याने, बाळ नेले असा आक्रोश त्यांनी केला. बाळ पुन्हा सापडले नाही. आठवड्याने त्याचे रक्ताळलेले कपडे मिळाले. अंगावरचे लोकरी जाकीट मात्र मिळाले नाही.

माग काढण्यात वाकबगार अशा स्थानिक आदिवासींनी वाळूत डिंगोची पावले ओळखली होती. जनावराने ओझे मध्येच खाली टेकविल्याची खूणही त्यांना दिसली होती. फेब्रुवारी १९८१ मध्ये अपमृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनरने बाळ डिंगोनेच नेल्याचा निर्णय दिला. परंतु पोलिसांचे समाधान झाले नाही. त्यांनी चेंबरलेन यांची मोटार तपासणीसाठी ताब्यात घेतली, आणि तिच्यात अर्भकाचे रक्त असल्याचा अहवाल आला.

अर्भकाचे रक्त वेगळे ओळखता येते काय? तत्त्वतः येते. रक्ताला लाली देणाऱ्या हीमोग्लोबिनाच्या कणात प्रथिनांच्या चार साखळ्या असतात. गर्भाच्या आणि प्रौढाच्या हीमोग्लोबिनात त्यांपैकी दोन सारख्या व दोन भिन्न असतात. जन्मानंतर गर्भीय प्रकार हळूहळू ओसरतो. नऊ आठवड्यांच्या बाळात तो अद्याप भरपूर असतो. तो शोधण्यासाठी गर्भीय हीमोग्लोबिन एखाद्या प्राण्याला टोचतात. प्राण्याच्या रक्तात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. मग त्या रक्तापासून वेगळा केलेला पातळ रस संशयित द्रावणासमोर ठेवला, की दोहोंची गाठ पडते तेथे साक्याची पांढरी रेघ उमटते.

मेख आहे ती त्या दोन सारख्या साखळ्यांत. रस पुरेसा शुद्ध नसेल, तर प्रौढाच्या रक्तासमोरही रेघ उमटू शकते. म्हणून ज्या वस्तूंना त्याने प्रतिसाद देऊ नये अशा वस्तूंवर तो आधी पारखून घ्यावा लागतो, आणि ही पारखच खऱ्या परीक्षेचा अर्धा भाग होय. रक्ताचा माग लावणारी प्राथमिक रंगपरीक्षाही अशीच भोळी असते. तांब्याची संयुगे तिला सहज फसवितात. चेंबरलेन कुटुंब राहत होते ते माउंट आयझा, तांब्याच्या खाणींचे गाव!

डार्विन येथील खटल्यात बचावपक्षाच्या तज्ज्ञाने हा रस प्रौढाच्या रक्तालाही प्रतिसाद देतो असे सांगितले. परंतु मूळ रेघांच्या पट्ट्या प्रयोगशाळेने आपल्या रिवाजाप्रमाणे आधीच नष्ट केल्या होत्या. फेरतपासणीस काही उरलेच नव्हते. मोटारीच्या पुढील फळीखाली उडालेले शिंतोडे अर्भकाच्या रक्ताचे आहेत, असे सरकारपक्षाचे म्हणणे होते. लंडनहून आलेल्या एका नामांकित शवचिकित्सकाला बाळाच्या कपड्यावर रक्ताळलेल्या हाताचा ठसा दिसला. 'अर्भकाचे रक्त' हे दोन शब्द एकदा पंचांच्या कानी पडल्यावर रसाच्या शुद्धतेचा रुक्ष प्रश्न कितीसा टिकणार? २९ ऑक्टोबर १९८२ रोजी लिंडींना जन्मठेप झाली. त्या वेळी त्या गरोदर होत्या. पुढच्याच महिन्यात कैदेत असताना त्यांना मुलगी झाली. फेब्रुवारी १९८४ मध्ये सर्वोच्च पातळीवरील अपीलही तीन विरुद्ध दोन मतांनी फेटाळले गेले.

सुटका झाली ती योगायोगाने. फेब्रुवारी १९८६ मध्ये खडकावरून पडलेल्या एका प्रवाशाचा शोध चालू असता, डिंगोंचा वावर असलेल्या जागी ते हरवलेले जाकीट सापडले. काही दिवसांतच लिंडी तुरुंगाबाहेर आल्या. त्यानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती मॉर्लिंग यांच्या आयोगाने सर्व शास्त्रीय पुरावा पुन्हा उलगडला. फळीखालचे शिंतोडे म्हणजे मोटारीचा आवाज दबावा म्हणून कारखान्यातच फवारलेले डांबरयुक्त द्रव्य होते. त्याच बनावटीच्या इतर मोटारींतही ते आढळले. रक्ताळलेला म्हणून दाखविलेल्या ठशात बराचसा भाग तांबड्या वाळूचा होता. कापड कात्रीनेच कापले गेले, हा दावाही टिकला नाही; डिंगोचे दात तसाच छेद देऊ शकतात हे प्रयोगाने दिसून आले. मोटारीत अझारियाचे रक्त असल्याचे सिद्ध झालेले नाही, असे आयोगाने १९८७ साली नमूद केले.

१५ सप्टेंबर १९८८ रोजी पतिपत्नींवरील दोषारोप रद्द झाले. मृत्यूचे कारण मात्र सरकारी दप्तरात अनिश्चितच राहिले. १२ जून २०१२ रोजी चौथ्या चौकशीअंती कॉरोनरने ते 'डिंगोचा हल्ला' असे नोंदविले आणि अझारियाच्या मृत्यूचा दुरुस्त दाखला तिच्या आईवडिलांना मिळाला.