आकड्याला नाव हवे

नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उतरताना तुम्ही पाहिले असतील. समजा, एका क्रेटवर खडूने नुसते '२०' लिहिले आहे. हे वीस काय? किलो? रुपये? की त्या शेतकऱ्याचा विसावा क्रेट? लिहिणारा माणूस शेजारी उभा आहे तोवर काळजी नाही, त्याला विचारता येते. तो चहाला गेला की पंचाईत. आणि माल एकदा मुंबईला पोचला, म्हणजे विचारायचे तरी कोणाला?

हीच पंचाईत खोडदच्या दुर्बिणीपुढेही असते. खोडदच्या शिवारात आणि आसपास पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस प्रचंड तबकड्या उभ्या आहेत. चौदा मध्यभागी जवळजवळ, आणि उरलेल्या सोळा तीन दिशांना पसरलेल्या. टोकाच्या दोन तबकड्यांत अंतर पडते सुमारे पंचवीस किलोमीटर. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही जी.एम.आर.टी. दुर्बीण प्रकाश पाहत नाही, आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी टिपते. त्या लहरी इतक्या क्षीण असतात, की जवळ चालू असलेला मोबाइलसुद्धा तिच्या कामात व्यत्यय आणतो. म्हणून तिथे गेल्यावर फोन बंद ठेवायला सांगतात.

या दुर्बिणीने २०१० ते २०१२ या काळात १५० मेगाहर्ट्झवर आकाशाची मोठी पाहणी केली. मोजमापे जपून ठेवली होती. पुढे हुइब इंटेमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती पुन्हा हिशेबात घेतली आणि २०१७ साली एक तक्ता प्रसिद्ध केला. त्यात आकाशाचा सुमारे नव्वद टक्के भाग आहे आणि सहा लाख वीस हजारांच्या आसपास रेडिओस्रोत आहेत. हे जमले ते कशामुळे? कोणता आकडा कशाचा, हे मोजमापांबरोबर नोंदलेले होते म्हणून. ते नसते, तर २०११ सालची रात्र पुन्हा कोण आणून देणार होते?

दुर्बिणीची मूळ मोजमापे वेगळ्याच साच्यात असतात, त्यांच्या खोलात आपण शिरत नाही. पण तयार झालेले तक्ते एकमेकांना देण्यासाठी खगोलशास्त्रज्ञांनी २००२ साली व्ही.ओ.टेबल नावाची एक रीत ठरवली. ती एक्स.एम.एल. या खुणांच्या लेखनपद्धतीवर उभी आहे, आणि ही पद्धत १९९८ साली प्रमाण म्हणून मान्य झाली. पद्धत अगदी साधी आहे, पाहा:

<स्रोत>
<प्रखरता एकक="मिलिजान्स्की">२५०</प्रखरता>
</स्रोत>

आकडा मी नमुन्यापुरता घातला आहे. टोकदार कंसातला शब्द म्हणजे खूण. एक खूण उघडते, आणि तिरपी रेघ असलेली दुसरी ती बंद करते. डबा उघडला तर झाकण लावलेच पाहिजे; आणि आतला डबा बाहेरच्याच्या आधी बंद झाला पाहिजे. एवढे पाळले की कोणतेही यंत्र ते वाचू शकते. व्ही.ओ.टेबलमध्ये तर प्रत्येक रकान्याचे नाव आणि एकक सुरुवातीला एकदाच लिहितात, आणि खाली नुसत्या ओळी येतात. गुरुजी, तुमच्या हजेरीपटाचे मथळे आठवा, म्हणजे झाले.

आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट ही, की असे तक्ते वाचून आलेख काढणारा व्ही.ओ.प्लॉट हा प्रोग्रॅम पुण्यातच, आयुका आणि पर्सिस्टंट सिस्टिम्स यांनी मिळून तयार केला.

आता समजा, तुमच्या शाळेतल्या एखाद्या हुशार मुलाला हा तक्ता मोबाइलवर दाखवणारे अ‍ॅप करायचे आहे. वाचण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, सगळा कागद एकदम स्मृतीत घेऊन त्याचे झाड मांडायचे: खोड, फांद्या, पाने. छोट्या कागदाला हे उत्तम, कारण हव्या त्या फांदीवर जाता येते. पण इथे ओळी सहा लाखांवर. एका ओळीला तीनशे अक्षरे धरली तरी अठरा कोटींहून अधिक अक्षरे झाली, आणि झाड मांडायला जागा लागते त्याच्या कितीतरी पट. फोन बिचारा गुदमरेल आणि अ‍ॅप बंद पडेल.

दुसरा मार्ग विहिरीच्या रहाटासारखा. एक खूण ओढून घ्यायची, पाहायची, हवी असेल तर आकडा टिपायचा, नको असेल तर सोडून द्यायची आणि पुढची ओढायची. अँड्रॉइड फोनमध्ये यासाठी एक्स.एम.एल.पुलपार्सर नावाची सोय तयारच असते. सबंध विहीर घरात आणायची गरज नाही, हंडाभर पाणी पुरते. मोठ्या तक्त्याला माझ्या मते हाच मार्ग घ्यावा.

लिहिताना मात्र जास्त जपावे लागते, बरं का! एखादा स्रोत फार मंद असला, की 'पाचपेक्षा कमी' असे सांगायला आपण <५ लिहितो. आपल्याला कळते. यंत्राला वाटते, नवी खूण उघडली! आणि अंकाने सुरू होणारी खूण नियमात बसत नाही, म्हणून ते तिथेच थांबते. एका चिन्हापायी पुढचा कागद वाया. त्यासाठी ते चिन्ह सरळ न लिहिता त्याचे ठरलेले सांकेतिक रूप लिहावे लागते. शब्दांना शब्द चिकटवून कागद तयार करण्याऐवजी लिहिण्याची तयार साधने वापरली, तर हे काम ती आपणहून करतात.

दुसरी अडचण खास आपली. फोनची भाषा मराठी ठेवली, की काही वेळा प्रोग्रॅम आकडेही देवनागरीत लिहून ठेवतो. माणसाला दाखवायला ते छानच. पण दुसऱ्या यंत्राने आकडा म्हणून वाचायला घेतले, तर पुष्कळदा ते नाकारते. तेव्हा पडद्यावर मराठी अंक खुशाल दाखवावेत, कागदात मात्र इंग्रजी अंक लिहिण्याची स्पष्ट आज्ञा प्रोग्रॅमला द्यावी. खुणांची नावे आणि मजकूर मात्र देवनागरीत असायला काहीच हरकत नाही, नियम तशी मोकळीक देतात.

सगळ्या खुणा बरोबर बंद झाल्या म्हणजे मजकूर खरा ठरला, असेही नाही. जान्स्की हे रेडिओलहरींच्या प्रखरतेचे एकक; मिलिजान्स्की हा त्याचा हजारावा भाग. एककाच्या जागी चुकून नुसते 'जान्स्की' पडले, तर यंत्र एक शब्द बोलणार नाही, आणि स्रोत हजारपट प्रखर होऊन बसेल. ही चूक माणसानेच शोधायची. म्हणून मुलाने तक्ता वाचला, की त्यातल्या दोनचार ओळी मूळ तक्त्याशी हाताने ताडून पाहायला सांगा.

दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदची दुर्बीण लोकांना पाहायला मिळते. मुलांना घेऊन जा, फोन बंद ठेवा, आणि तिथल्या माणसांना विचारा, की तुमच्या तक्त्यात रकाने कोणते आणि त्यांची एकके कोणती. ते वहीत लिहून घेतले, की नारायणगावला परत आल्यावर फोन सुरू करून कामाला लागता येईल.