जुन्या मालमोटारीचे प्रज्वलन : इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटरची जोडणी

मालमोटार म्हटली की आज डिझेल इंजिनच डोळ्यांसमोर उभे राहते. डिझेल इंजिनात ठिणगीला कामच नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच तेथे इंधन पेटते. परंतु १९५४ साली जमशेदपूर येथे टाटा-मर्सिडीज-बेंझ मालमोटारी तयार होऊ लागण्यापूर्वीची परिस्थिती निराळी होती. मुंबईत शिवडी येथे १९२८ ते १९५४ या काळात जनरल मोटर्सच्या कारखान्यात शेव्हरोले गाड्यांची जोडणी होत असे. कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाइल्समधून १९४७ पासून डॉज गाड्या बाहेर पडू लागल्या. धारवाड जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यातच होता, आणि पुणे-बंगळूर रस्त्यावरील हुबळी ही कापसाची मोठी बाजारपेठ होती. पेट्रोलवर चालणाऱ्या त्या पिढीतील एखादी मालमोटार आजही कोणी जपून ठेवली असेल, तर तिच्या प्रज्वलन व्यवस्थेत इलेक्ट्रॉनिक जोड बसवावा काय, आणि बसवावयाचा तर कसा, हा प्रश्न मालकापुढे व कारागिरापुढे येतोच.

मूळ व्यवस्था कशी चालते ते प्रथम पाहू. बॅटरीचा प्रवाह कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्यातून वाहतो व डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंटमधून जमिनीला मिळतो. डिस्ट्रिब्युटरचा दांडा फिरताना त्यावरील उंचवटे पॉइंट उघडतात. प्रवाह एकाएकी खंडित होताच कॉइलमधील चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि दुय्यम वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो. रोटर हा दाब ज्या सिलिंडरची पाळी असेल त्याच्या प्लगकडे पाठवितो. पॉइंट उघडताना तेथेच ठिणगी उडून ते जळू नयेत, यासाठी कंडेन्सर असतो.

ही रचना अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केली व १९१० नंतरच्या दशकात ती रूढ झाली. ती साधी आहे, रस्त्याच्या कडेला दुरुस्त करता येते, हा तिचा मोठा गुण होय. मात्र पॉइंटचे तोंड हळूहळू जळते व दांड्यावर घासणारा तुकडा झिजतो. तो झिजला की पॉइंटमधील फट कमी होते आणि ठिणगी उशिरा पडू लागते. इंजिन तापते, ओढ कमी होते. हुबळीहून अंकोल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील अरबैल घाट चढताना हा दोष विशेष जाणवतो.

इलेक्ट्रॉनिक जोडात पॉइंट व कंडेन्सर काढून टाकण्यात येतात. दांड्यावर लहान चुंबकांचे कडे बसविले जाते आणि त्याशेजारील संवेदक प्रत्येक चुंबक समोरून जाताच कॉइलचा प्रवाह तोडतो. घासणारा भाग नसल्याने वेळ बिघडत नाही. क्रायस्लर कंपनीने १९७३ साली अशी व्यवस्था अमेरिकेतील आपल्या गाड्यांवर सरसकट दिली. जुन्या डिस्ट्रिब्युटरच्याच आत मावतील असे जोड पुढे बाजारात आले. बाहेर दोनच तारा दिसतात, त्यामुळे काम सोपे वाटते. पण जोड जळण्याची कारणे बहुधा या दोन तारांतच सापडतात.

पहिली तपासणी बॅटरीची. त्या काळच्या बहुतेक अमेरिकन मालमोटारी सहा व्होल्टच्या होत्या. त्यातही शेव्हरोलेमध्ये बॅटरीचे ऋण टोक चौकटीला जोडलेले असे, तर डॉजमध्ये धन टोक. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन गाड्यांत हा फरक असतो, आणि मधल्या काळात कोणी कारागिराने तो बदललेलाही असू शकतो. म्हणून पुस्तकावर विसंबू नये. बॅटरीचे कोणते टोक चौकटीला गेले आहे ते प्रत्यक्ष पाहावे. त्या व्होल्टेजचा व त्याच पद्धतीचा जोड घ्यावा. उलट जोडल्यास संवेदक क्षणात निकामी होतो. धन टोक चौकटीला असलेल्या गाडीच्या जोडाची तारजोडणी निराळी असल्याने उत्पादकाचा आराखडाच पाळावा.

बारा व्होल्टच्या व ऋण टोक चौकटीला असलेल्या गाडीत सामान्यतः काळी तार कॉइलच्या ऋण टोकाला आणि लाल तार किल्लीमागून येणाऱ्या पूर्ण दाबाच्या तारेला जोडतात. येथे एक फसवी जागा आहे. बारा व्होल्टच्या पुष्कळ गाड्यांत कॉइलआधी रोधक बसविलेला असतो. कधी तो चिनीमातीचा ठोकळा असतो, तर कधी तारेच्याच रूपात लपलेला असतो. लाल तार रोधकाच्या पुढे जोडली तर जोडाला अपुरा दाब मिळतो. मोकळ्या तारेवर मीटर लावला तर मात्र रोधक असूनही पूर्ण बारा व्होल्ट दिसतात, कारण प्रवाह वाहत नसताना दाब घटत नाही. यास्तव ही मोजणी पॉइंट काढण्यापूर्वीच करावी. इंजिन हाताने फिरवून पॉइंट मिटलेल्या स्थितीत आणावे, किल्ली चालू करावी आणि कॉइलच्या धन टोकावर दाब पाहावा. सहा ते नऊ व्होल्ट दिसले, तर मार्गात रोधक आहे असे समजावे व लाल तार त्याच्या अलीकडून, म्हणजे किल्लीच्या बाजूने घ्यावी.

कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्याचा रोध जोडाच्या पत्रकात सांगितल्यापेक्षा कमी नसावा. डिस्ट्रिब्युटरमधील तबकडीचा इंजिनाशी व इंजिनाचा चौकटीशी स्वच्छ संपर्क हवा. नव्या रंगाखाली हा संपर्क हमखास तुटतो. प्लगच्या तारा साध्या तांब्याच्या न ठेवता रोधयुक्त घ्याव्यात, अन्यथा त्यांच्या लहरींनी संवेदक गोंधळतो. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरी सोडवावी. इंजिन बंद असताना किल्ली चालू ठेवू नये आणि बांधणीवर वेल्डिंग करताना जोडाच्या तारा अलग कराव्यात.

धारवाडकडच्या पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या झाकणात ओल धरून गाडी बंद पडते, त्यावर मात्र हा जोड उपाय नव्हे. झाकणाची तड व जळालेला रोटर पूर्वीप्रमाणेच तपासावा लागतो.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली झालेल्या सुधारणेनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या व व्यापारी वापरात नसलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांची विशेष नोंदणी करता येते. अशा नोंदणीचा विचार असेल, तर बदल करण्यापूर्वी परिवहन कार्यालयाकडे विचारणा करावी. काढलेले पॉइंट, कंडेन्सर व तबकडी डब्यात घालून गाडीतच ठेवावी. डिस्ट्रिब्युटरला छिद्र न पाडता जोड बसविलेला असेल, तर हे भाग रस्त्यातही अर्ध्या तासात परत बसविता येतात. शेवटी टायमिंग दिव्याने ठिणगीची वेळ पुन्हा जुळवून घ्यावी. नवा जोड बसविल्यावर जुनी खूण तशीच बरोबर येईल असे धरून चालू नये.