जाळे शाबूत, गाव मुके

जाळ्याचा काही भाग तुटला तरी संदेश पोहोचला पाहिजे, हा विचार इंटरनेटच्या जन्माआधीचा आहे. अमेरिकेतील रँड या संस्थेत काम करणाऱ्या पॉल बॅरन यांनी तो १९६४ मध्ये सविस्तर मांडला. त्या काळची टेलिफोन व्यवस्था मोठ्या केंद्रांवर अवलंबून होती. अणुहल्ल्यात केंद्र पडले, तर त्यावरचे सारे फोन मुके होणार, ही त्यांची चिंता होती.

त्यांनी सुचवलेली रचना मासे पकडण्याच्या जाळ्यासारखी होती. प्रत्येक गाठ शेजारच्या अनेक गाठींना जोडलेली. संदेशाचे लहान तुकडे करायचे आणि प्रत्येक गाठीने आलेला तुकडा मोकळ्या वाटेने पुढे ढकलायचा. किमान लागणाऱ्या दुव्यांच्या तिप्पट-चौपट दुवे ठेवले, तर बऱ्याच गाठी नष्ट होऊनही उरलेल्या एकमेकींशी बोलू शकतात, असे त्यांनी गणिताने दाखवले. १९६९ मध्ये सुरू झालेल्या आर्पानेटचा हेतू वेगळा होता: दूरचे संगणक सामायिकपणे वापरणे. पण तुकड्यांची पद्धत त्यातही आली आणि पुढे इंटरनेटमध्येही. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने ते सर्वसामान्यांना खुले केले.

आता कोकणात येऊ. हरिहरेश्वरच्या पश्चिमेला समुद्र आणि दक्षिणेला सावित्रीची खाडी. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ ताशी १०० ते ११० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांसह रायगडच्या किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन तालुक्यात विजेचे खांब कोसळले, झाडांनी रस्ते अडवले, मोबाइल बंद पडले. मुंबईतल्या चाकरमान्यांना घरच्यांची खुशाली कळेना. कोरोनामुळे शाळा बंद होत्या आणि शिक्षण फोनवर आले होते; तोही मार्ग खुंटला. जगाचे जाळे मात्र त्या दिवशीही चालू होते!

असे का झाले? समजा, एक दुवा तुटण्याची शक्यता दहात एक आहे. तीन स्वतंत्र दुवे असतील, तर तिन्ही एकदम तुटण्याची शक्यता १/१० × १/१० × १/१०, म्हणजे हजारात एक. या गुणाकारात ‘स्वतंत्र’ हा शब्द मोलाचा आहे. गावाजवळ तीन कंपन्यांचे मनोरे असले, तरी त्यांना वीज एकाच वाहिनीवरून येते. ती गेली की बॅटरी, मग डिझेलचे जनित्र. आणि डिझेल येणार त्याच अडलेल्या रस्त्याने. अशा वेळी तीन दुवे हे एकच ठरतात आणि गुणाकार लागू पडत नाही.

शिक्षकांनी वर्गात एक उपक्रम जरूर करावा. गावाबाहेर निरोप जाण्याचे सर्व मार्ग विद्यार्थ्यांना फळ्यावर मांडू द्यावेत. प्रत्येक मार्ग कशावर टिकून आहे, तेही लिहावे: वीज, रस्ता, मनोरा, माणूस. मग ‘वीज’ हा शब्द पुसावा आणि त्यावरचे मार्गही. जे उरतील ते खरे स्वतंत्र. काहीच उरले नाही, तर तो तक्ता ग्रामपंचायतीला दाखवावा, आणि तोही पावसाळ्यापूर्वी.