अडचण एकच, पण प्रश्न कोणता? दुकानदार व कारागिरांसाठी थोडे विचारशास्त्र

खारेपाटणच्या पेठेत दुकान चालविणाऱ्याला पावसाळ्यात दोन गोष्टींवर नजर ठेवावी लागते. एक गल्ला आणि दुसरी शुकनदी. जोराचा पाऊस लागला आणि त्यातच खाडीला भरती आली की पाणी पेठेत शिरते. यावर इलाज काय, असे विचारले तर उत्तर ठरलेले असते: पाणी आत येऊ नये असे काहीतरी झाले पाहिजे. गाळ काढा, भिंत बांधा, सरकारात अर्ज द्या. मागणी रास्त आहे, पण यातले एकही काम एकट्या दुकानदाराच्या हातातले नाही.

तोच प्रश्न जरा फिरवून विचारावा. पाणी आलेच, तर माल भिजू नये म्हणून मी काय करू शकतो? आता वाटा दिसू लागतात. खालच्या फळ्यांवर काचसामान आणि प्लास्टिकच्या बादल्या. साखर, कापड आणि हिशेबाच्या वह्या पोटमाळ्यावर. जून ते सप्टेंबर साठा कमी ठेवून मालाच्या फेऱ्या वाढविणे. उंचावरच्या ओळखीच्या घरात चार महिने एक खोली भाड्याने घेणे. नदी तीच, दुकान तेच. बदलला तो फक्त प्रश्न.

कार्ल डुंकर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने याच विषयावर १९३५ साली पुस्तक लिहिले. त्याचा एक प्रयोग कारागिरांना आवडेल असा आहे. मेणबत्ती, काड्यापेटी आणि टाचण्यांनी भरलेली डबी एवढेच सामान द्यायचे आणि मेणबत्ती भिंतीवर उभी करायला सांगायचे. लोक मेणबत्तीलाच टाचण्या मारू लागतात किंवा मेण वितळवून ती चिकटवायला पाहतात. खरी तरकीब अशी की डबी रिकामी करावी, ती भिंतीला टाचावी आणि तिच्यात मेणबत्ती उभी करावी. डबी समोरच असते, पण ती 'टाचण्या ठेवायची' असे मनात पक्के बसलेले असल्यामुळे तिचा दुसरा उपयोग सुचत नाही. टाचण्या आधीच बाहेर काढून ठेवल्या, तर तेच कोडे कितीतरी अधिक लोकांना सुटते.

सॅम ग्लक्सबर्ग या अमेरिकन संशोधकाने १९६२ साली या कोड्याला पैशाची जोड दिली. काहींना सांगितले की लवकर सोडवाल तर रोख बक्षीस मिळेल. ज्यांना बक्षिसाचे आमिष होते त्यांना सरासरी साडेतीन मिनिटे जास्त लागली! मात्र टाचण्या डबीबाहेर ठेवल्यावर, म्हणजे काम सरळ झाल्यावर, बक्षीसवालेच पुढे गेले. कारखानदार बांधवांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पेट्या भरणे, काजू सोलणे अशा ठरलेल्या कामाला नगावर जादा पैसे दिले तर हात चालतो. पण नवा नमुना काढायचा असेल किंवा मशीनचा हट्टी दोष शोधायचा असेल, तर कारागिराच्या मागे 'आज संध्याकाळपर्यंत कर, पाचशे देतो' असे लागू नये. घाईत माणूस जुनीच वाट धरतो.

जयपूर फूट हे याचे चांगले उदाहरण. १९६८ च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी यांच्याबरोबर हे कृत्रिम पाऊल घडविणारे रामचंद्र शर्मा डॉक्टर नव्हते, हस्तकारागीर होते. टायरच्या धंद्यातले पक्के रबर त्यांनी माणसाच्या पायासाठी कामी आणले.

खारेपाटणला ही गोष्ट नवी वाटू नये. इथे सापडलेल्या रट्टराज शिलाहाराच्या शके ९३० (इ.स. १००८) च्या ताम्रपटात परदेशातून येणाऱ्या दर गलबतामागे एक गद्याण सोने, अशी आकारणी नोंदलेली आहे. मागे पात्र गाळाने उथळ झाले आणि मोठ्या गलबतांचा काळ सरला. जे 'आमचा धंदा बंदराचा' म्हणून बसले त्यांचा धंदा बंदराबरोबरच गेला असणार. 'आमचा धंदा माल पोहोचविण्याचा' असे समजणाऱ्याला बैलगाडी काय आणि पुढे महामार्गावरचा ट्रक काय, सारखेच.

आता बैठकीविषयी. व्यापाऱ्यांची सभा भरते, मोठे शेठ पहिले बोलतात आणि बाकीचे मान डोलावतात. चार डोकी एकत्र आली की कल्पना चौपट होतात, हा समज येल विद्यापीठातल्या १९५८ च्या प्रयोगाने खोटा ठरविला. चार जणांनी वेगवेगळे बसून काढलेल्या कल्पना एकत्र केल्यावर, गटात बसलेल्या चौघांच्या जवळजवळ दुप्पट भरल्या. तेव्हा सभेच्या आदल्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या घरी एका चिठ्ठीवर सुचेल ते लिहावे. सभेत चिठ्ठ्या एकत्र करून नावे न घेता वाचाव्यात, आणि दुकानातल्या सर्वांत धाकट्या नोकराचीही एक चिठ्ठी त्यात असावी.