बाटलीतले रोप

बारावीचे निकाल लागले, की आमच्या घरी पाहुण्यांची वर्दळ वाढते. कुणाची मुलगी बायोटेक्नॉलॉजीला जायचे म्हणत असते. चहाचा कप खाली ठेवता ठेवता वडील हळूच विचारतात, "पण भाऊसाहेब, यात पुढे काही धंदा-बिंदा होतो का हो?" २००३ पासून मी केळीची टिश्यूकल्चर रोपे विकतो, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो.

बहुतेकांनी किरण मजुमदार-शॉ यांचे नाव ऐकलेले असते. १९७८ साली बंगळूरला एका गॅरेजात, दहा हजार रुपयांच्या भांडवलावर त्यांनी बायोकॉन सुरू केली. पण त्यांचा पहिला माल औषध नव्हता, हे कुणाला ठाऊक नसते. पपईच्या चिकापासून मिळणारे पपेन आणि बिअर नितळ करायला लागणारा, माशापासून काढलेला एक पदार्थ, यांवर सुरुवात झाली. इन्शुलिन फार नंतर आले. या धंद्यात घाई चालत नाही, हे मला मात्र ठेच लागल्यावर कळले.

वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केले आणि शेताच्या सातबाऱ्यावर बँकेचा बोजा चढवून रावेर भागात छोटी प्रयोगशाळा काढली. केळीच्या मुनव्यातला कोवळा कोंब निर्जंतुक करून बाटलीतल्या अगरवर ठेवायचा. साधारण दर चार आठवड्यांनी फुटवे वेगळे करून नव्या बाटल्यांत लावायचे. मग मुळे फुटवायची, हरितगृहात, शेडनेटमध्ये रोपे कणखर करायची. शेतकऱ्याच्या बागेत घड पडेपर्यंत पहिल्या बाटलीपासून जवळजवळ दोन वर्षे जातात.

फुटवे वेगळे करण्याच्या सात-आठ फेऱ्या झाल्या, की तो माल टाकून नव्या मातृवृक्षापासून सुरुवात करायची, हा नियम मला पाठ होता. फेऱ्या वाढल्या, की मूळ वाणापासून ढळलेली झाडे वाढतात. पण तिसऱ्या वर्षी मागणी आली, बँकेचा हप्ता डोक्यावर होता आणि मी फेऱ्या वाढवल्या. बाटलीत रोपे हिरवीगार दिसत होती.

सहा महिन्यांनी एका तात्यांचा निरोप आला, "भाऊ, जरा बागेत येऊन जा." पाच हजार झाडांची बाग. मी ओळी मोजत गेलो. शंभरात बारा-तेरा झाडे खुजी, पाने एकमेकांत दाटलेली. तात्या ओरडले नाहीत. एवढेच म्हणाले, "रोप तुम्ही दिलं, पाणी मी दिलं. आता हिशेब तुम्हीच सांगा."

हवामानावर, खतावर, रोगावर ढकलता आले असते. हिशेबनीसांनी तसे सुचवलेही. रात्रभर झोप लागली नाही. सकाळी जाऊन खरे सांगितले, खराब झाडांची भरपाई दिली, आणि त्याच खेपेची रोपे घेतलेल्या इतरांनाही कळवले. त्या हंगामाचा नफा गेला, हप्ते थकले. पुढच्या वर्षी तात्यांनी रोपे दुसरीकडून घेतली. त्यात त्यांचे काही चुकले नाही. तिसऱ्या वर्षी मात्र त्यांचा मुलगा आला.

आजच्या मुलांना आधार पुष्कळ आहेत. २००६ मध्ये केंद्राची टिश्यूकल्चर रोपांसाठी प्रमाणन योजना आली, त्यात विषाणू आणि वाणाची शुद्धता तपासतात. नव्या उद्योगांना पाठबळ देण्यासाठी २०१२ मध्ये 'बायरॅक' ही सरकारी संस्था निघाली. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात व्हेंचर सेंटर आहे. भांडवल आणि यंत्रे मिळतील. शब्द राखणे मात्र ज्याचे त्यालाच शिकावे लागते.

म्हणून पाहुण्यांच्या मुलीला मी प्रयोगशाळा दाखवतो. प्रत्येक खेपेच्या कार्डावर फेरीगणिक एक रेघ असते. सातवी रेघ पडली, की खेप बंद. परवा एका मुलीने विचारले, "काका, एवढी चांगली दिसणारी रोपं टाकून देता?"

मी म्हटले, "बेटा, हाच तर धंदा आहे."